कुत्र्याला घेऊन परदेशात शिकारीला जायचंय? मग तिकीट सगळ्यात शेवटी काढा

विमानाच्या पोटात कुत्र्याला हवा मिळते का, त्याला झोपेचं इंजेक्शन द्यायचं का, आणि आपल्या शेजारच्या सीटवर बसवता येईल का, कुत्रा परदेशात न्यायचा विषय निघाला की सगळ्यांचे पहिले प्रश्न हेच असतात, आणि खरं सांगायचं तर यातल्या एकाही गोष्टीवर ट्रिप अडत नाही. ट्रिप अडते ती रेबीजच्या तारखांवर. विमानाचा प्रवास आठ-नऊ तासांचा, पण त्याच्या आधीचं तारखांचं गणित पाच-सहा महिन्यांचं असतं आणि ते पैसे भरून, ओळख काढून, तात्काळ कोट्यात वगैरे लवकर होत नाही.

उदाहरणासाठी आमच्या ठाण्यातल्या कोलशेतच्या सोसायटीतले काका घेऊ. त्यांच्याकडे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर या शिकारी जातीचा कुत्रा आहे, नाव बाजी, वजन २८ किलो, लिफ्टमध्ये शिरला की बाकीचे जिन्याने जातात. काकांचा पुतण्या जर्मनीत स्थायिक आहे, तिकडे त्याने रीतसर परीक्षा देऊन शिकारीचं लायसन्स काढलंय आणि तो म्हणतो ऑक्टोबरमध्ये बाजीला घेऊन या, पॉइंटर आहे तर त्याला एकदा तरी खरं रान दाखवूया. काकांचा प्रश्न साधा होता, "ऑगस्टमध्ये तिकीट काढलं तर चालेल ना गं? तेव्हा जरा स्वस्त असतात." बाजीची तयारी पण तेव्हाच सुरू करणार असाल तर नाही चालणार काका. म्हणजे तुमचं चालेल, बाजीचं नाही.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट क्लिअर करते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर तो आणखी आवळला गेला, त्यामुळे "जायच्या आधी येऊरला नेऊन जरा प्रॅक्टिस करून घेऊ" हा विचार डोक्यातून काढून टाका. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे कुत्रा मोकळा सोडून सशामागे पळवणं हा गुन्हा आहे, आणि वर तिथे बिबटे आहेत ज्यांना कुत्रा हे जेवण वाटतं. ट्रेनिंग द्यायचं तर मोकळ्या मैदानात लांब दोरी लावून हाक मारली की परत यायचं, थांब म्हटलं की थांबायचं, एवढं पक्कं करा. तिकडे गेल्यावर नव्वद टक्के उपयोग त्याचाच होतो.

रेबीजचं घड्याळ

आता मुख्य विषय. जगात रेबीजने दरवर्षी साधारण ५९ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे आणि त्यातली ३६ टक्के एकट्या भारतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपातल्या बहुतेक देशांनी हा रोग कुत्र्यांमधून कधीच घालवलाय. त्यामुळे युरोपियन युनियनने देशांच्या याद्या केल्यात, ज्या देशांत रेबीज आटोक्यात आहे ते यादीत आणि बाकीचे यादीबाहेर, आणि आपण यादीबाहेर. यादीतल्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला चिप, लस आणि सर्टिफिकेट एवढं पुरतं, आपल्या कुत्र्याला त्याशिवाय रक्ताची तपासणी आणि तीन महिन्यांची वाट बघणं लागतं.

क्रम असा, आणि क्रम हाच सगळा खेळ आहे. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवस थांबून रक्त, मग रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने, मग प्रवास.

चिप आधी का? कारण लस कोणाला दिली हे सिद्ध करायचा दुसरा मार्गच नाही. लसीच्या कार्डावर "बाजी, तपकिरी, नर" असं लिहिलेलं असतं, आणि तपकिरी नर पॉइंटर ठाण्यात अजूनही असतील. चिपचा १५ आकडी नंबर असतो, तो कार्डावर, रक्ताच्या रिपोर्टवर, सर्टिफिकेटवर सगळीकडे तोच यावा लागतो. चिप बसवायच्या आधी दिलेली लस त्यांच्या हिशोबात धरतच नाहीत, मग तुम्ही पाच वर्षं न चुकता दरवर्षी दिली असलीत तरी. एकाच दिवशी आधी चिप आणि मग लस असं चालतं. आणि ही चिप म्हणजे जीपीएस नाही बरं का, बरेच जण समजतात की कुत्रा हरवला की मोबाइलवर दिसेल. आत बॅटरीच नसते. मानेच्या मागे कातडीखाली बसवलेली साधारण १२ मिलिमीटरची नळी असते, स्कॅनर जवळ नेला की नंबर दाखवते, बस. फक्त ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ स्टँडर्डची आहे ना हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि बसवल्यावर तिथेच स्कॅन करून नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, एकेक आकडा कार्डाशी जुळवून. एक आकडा चुकीचा लिहिला गेला तरी तिकडच्या अधिकाऱ्यासाठी तो दुसराच कुत्रा.

मग रक्त कशाला? लस म्हणजे क्लास लावला, रक्ताचा रिपोर्ट म्हणजे मार्कशीट. लस दिली म्हणून प्रतिकारशक्ती तयार झालीच असं नसतं, लस नीट थंड ठेवली नसेल, दिल्यावर कुत्र्याच्या शरीराने पुरेसा प्रतिसाद दिला नसेल, काहीही होऊ शकतं. त्यामुळे रक्तातल्या अँटिबॉडीज मोजतात, त्याला टायटर टेस्ट म्हणतात, आणि पास व्हायला मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट लागतात. कुठलीही लॅब चालत नाही, युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या लॅबची यादी आहे, त्यातलीच हवी. नाक्यावरच्या पॅथॉलॉजीत "रेबीज टायटर करतो" असं सांगितलं तर लॅबचं पूर्ण नाव मागून यादीत शोधा, मगच सुई टोचू द्या.

आणि पास झाल्यावरही तीन महिने का बसवून ठेवतात, हा काकांचा सगळ्यात चिडलेला प्रश्न होता. उत्तर तसं साधं आहे. समजा बाजीला लस द्यायच्या आठवडाभर आधी रस्त्यावरच्या पिसाळलेल्या कुत्र्याने चावलंय आणि घरात कोणाला कळलंच नाही. विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे चाललाय, बाहेरून कुत्रा एकदम ठणठणीत. त्यात लस दिली, अँटिबॉडीज तयार झाल्या, रिपोर्ट मस्त आला, तरी आतला रोग थांबेलच असं नाही. कुत्र्यात रेबीज बाहेर यायला बहुतेक वेळा काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे तीन महिने थांबलं की आधीच लागण झालेला कुत्रा इथेच आजारी पडतो, तिकडे जाऊन नाही. म्हणजे लस आणि रक्त हे पुढच्या धोक्यासाठी, आणि ही वाट बघणं मागच्या धोक्यासाठी. एकदा हे समजलं की त्या तीन महिन्यांत "ॲडजस्ट करा ना थोडं" असं म्हणण्यात काही अर्थ नाही हे पण समजतं.

तारखा लक्षात राहाव्यात म्हणून मी काकांना आपल्या कॅलेंडरवर लावून दिल्या. गुढीपाडव्याला चिप आणि लस. पाडवा ते अक्षय तृतीया साधारण ३१ दिवस होतात, म्हणजे अक्षय तृतीयेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत रक्त. तिथून तीन महिने नारळी पौर्णिमेच्या आत पूर्ण होतात. मग दसऱ्याच्या आसपास खुशाल जा, मध्ये रिपोर्ट नापास आला तर पुन्हा लस आणि पुन्हा रक्त करायला थोडी जागा पण राहते. अर्थात फॉर्मवर इंग्रजी तारखाच मोजायच्या, तिथे अधिक महिना कोणी ऐकून घेणार नाही.

पिल्लू असेल तर अजून एक. रेबीजची लस १२ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी दिलेली चालत नाही, त्यामुळे सगळं एका फटक्यात झालं तरी कुत्रा साधारण सात महिन्यांचा व्हायच्या आत युरोपात पोचू शकत नाही. "पिल्लू आहे, मांडीवर नेतो" वाल्यांसाठी एवढं पुरे.

इथे एक सावधगिरी. मुंबईत कुत्रे बाहेर पाठवून देणारे एजंट बरेच आहेत, त्यातले चांगले खरंच चांगले आहेत, पण कोणी तुम्हाला म्हणालं की मागची तारीख टाकून लसीचं कार्ड करून देतो, तीन महिने वाचतील, तर तिथून उठा. लसीच्या स्टिकरवर बॅच नंबर असतो, चिप कधी बसवली त्याची नोंद असते, लॅबकडे सॅम्पलची तारीख असते. जुळलं नाही तर युरोपच्या विमानतळावर तीनच पर्याय, कुत्रा परत पाठवणं, तुमच्या खर्चाने क्वारंटाइनमध्ये ठेवणं, आणि दोन्ही शक्य नसेल तर शेवटी त्याला मारणं. तिसरा पर्याय नियमात खरंच लिहिलेला आहे.

सर्टिफिकेट

रक्त आणि वाट बघणं झालं की शेवटच्या दहा दिवसांतली धावपळ सुरू होते. युरोपियन युनियनचं ठरलेल्या नमुन्याचं हेल्थ सर्टिफिकेट असतं, ते दिल्यापासून १० दिवसांत तिकडे पोचावं लागतं, आणि पोचल्यावर मग चार महिने युरोपात फिरायला चालतं. हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सहीने होत नाही, सरकारी पशुवैद्यकाची सही-शिक्का लागतो. आपल्याकडे हे काम ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस बघतं, बोलताना सगळे एक्यूसीएस म्हणतात, देशात त्यांची सहा केंद्रं आहेत आणि त्यातलं एक मुंबईला. कुत्रा प्रत्यक्ष दाखवावा लागतो, कागद ओरिजिनल लागतात, आणि अपॉइंटमेंट आधी घेतलेली बरी. शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या मध्ये येतात हे विसरू नका, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सही मिळेल या भरवशावर तिकीट काढू नका.

मालकाने कुत्र्याच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्रवास केला तरच तो "पाळीव प्राणी" धरतात. काका आज, बाजी पंधरा दिवसांनी असं केलं तर तो व्यापारी माल होतो आणि सगळे नियम बदलतात.

विमानात कुठे?

तीन जागा असतात. केबिन, म्हणजे आपल्या पायाशी बॅगेत, हे छोट्या कुत्र्यांसाठी, पिशवीसकट काही किलोची मर्यादा असते, ती एअरलाइनप्रमाणे बदलते, २८ किलोच्या बाजीने तो विचार सोडून द्यावा. दुसरं, चेक-इन बॅगेज म्हणून, म्हणजे तुमच्याच फ्लाइटच्या पोटात, तुमच्याच तिकिटावर. तिसरं, कार्गो म्हणून, वेगळ्या एअरवे बिलवर (म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीवर), कार्गो कॉम्प्लेक्समधून. शेवटच्या दोन्हीत कुत्रा बऱ्याचदा त्याच जागी बसतो, फरक कागदाचा आणि पैशाचा.

पोटातली जागा म्हणजे काळोखी गारठलेली पेटी असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. त्या भागातला हवेचा दाब केबिनसारखाच ठेवलेला असतो, तापमान सांभाळतात, आणि आत जिवंत प्राणी आहे हे कॅप्टनला उड्डाणाआधी लेखी कळवतात. खरा धोका हवेत नसतो, जमिनीवर असतो. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा प्रवासाचा पिंजरा, ट्रॉलीवर ठेवून विमानाकडे नेतात तेव्हाची वीस-तीस मिनिटं, मे महिन्यात, दुपारी, डांबरावर. म्हणून काही अमेरिकन एअरलाइन्स जमिनीवरचं तापमान साधारण २९ अंशांच्या वर गेलं की कुत्रे घेतच नाहीत. मुंबईहून युरोपच्या बऱ्याच फ्लाइट मध्यरात्रीनंतर असतात, आपल्याला त्या वैतागवाण्या वाटतात पण कुत्र्यासाठी बेस्ट. आणि त्या वेळी घोडबंदर रोड पण जरा श्वास घेऊ देतो.

पग, बुलडॉग, बॉक्सर असे चपट्या नाकाचे कुत्रे असतील तर वेगळा विचार करा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो, आणि ज्याचं नाकच दाबलेलं त्याला ते नीट जमत नाही. बऱ्याच एअरलाइन्स त्यांना पोटात घेतच नाहीत आणि माझ्या मते बरोबरच करतात.

झोपेचं औषध देऊ नका. अगदी डॉक्टर ओळखीचे असले आणि "थोडंसं देतो" म्हणाले तरी. गुंगीच्या औषधाने ब्लड प्रेशर खाली येतं, अंगाचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते, क्रेट हलला तर कुत्रा तोल सावरू शकत नाही, आणि वर आकाशात काही झालं तर बघायला कोणी नाही. गुंगीत दिसला तर काउंटरवरच नाकारतात. त्याऐवजी क्रेट महिनाभर आधी घरात आणा. हॉलमध्ये दार उघडं ठेवून पडू दे, जेवण आत द्या, दुपारची झोप आत, मग हळूहळू दार लावून दहा मिनिटं, अर्धा तास, रात्रभर. बाजीने पहिले दोन दिवस क्रेटकडे बघून गुरगुर केली, तिसऱ्या दिवशी आत काकूंची जुनी सुती साडी टाकली तर जाऊन बसला, आता बाहेर काढायला हाका माराव्या लागतात.

क्रेटचं माप हा पण लोकांचा घोळाचा विषय. आंतरराष्ट्रीय एअरलाइन संघटनेचा, म्हणजे आयाटाचा, ठरलेला फॉर्म्युला आहे. कुत्र्याला भिंतीला लावून सरळ उभा करायचा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, शेपूट धरायची नाही. मग जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची. मग खांद्यांची रुंदी. मग जमिनीपासून डोक्याच्या किंवा उभ्या कानांच्या टोकापर्यंत उंची, यातलं जे वर असेल ते. आता क्रेटची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक कोपराच्या मापाचं अर्धं, रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट, आणि उंची डोक्याएवढी अधिक खाली टाकायच्या गादीची जाडी. बाजीचं आलं ९०, ३४, २२ आणि ६८ सेंटिमीटर. म्हणजे लांबी ९० अधिक १७, एकूण १०७, रुंदी किमान ४४, उंची ६८ आणि वर गादी. हे माप घेताना एकाने टेप धरायचा, एकाने कुत्रा धरायचा आणि तिसऱ्याने समोर चीज धरायचं, नाहीतर तो टेपच खातो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला दहा टक्के मोठा क्रेट द्यायचा.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला क्रेटला चारही बाजूंनी हवेची भोकं लागतात, दोन भाग जोडायला धातूचे नट-बोल्ट लागतात, प्लॅस्टिकच्या क्लिपा चालत नाहीत, पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता येईल असं, आणि चाकं असतील तर ती काढायची. फोल्डिंगचा तारेचा पिंजरा चालत नाही. कार्गोने न्यायचं तर आणखी एक झटका बसतो. तिथे प्रत्यक्ष वजन आणि क्रेटच्या आकारमानावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त असेल त्यावर पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. बाजारात मिळणारा क्रेट बाहेरून ११० बाय ७० बाय ७८ असला तर होतात १०० किलो, आत बसलेला कुत्रा मात्र २८ किलोचा. काका हा आकडा ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

डायरेक्ट फ्लाइट घ्या, दोन-पाच हजार वाचवायला दोन ठिकाणी विमान बदलू नका, कारण प्रत्येक बदलीला ती डांबरावरची अर्धा तासाची गोष्ट पुन्हा होते. मुंबई ते फ्रँकफर्ट थेट आहे आणि फ्रँकफर्टला प्राण्यांसाठी वेगळं मोठं केंद्रच आहे, तिकडून घोड्यांपासून पोपटांपर्यंत सगळे जातात. "आता नवी मुंबईचा विमानतळ झालाय, तिथून नाही का जाता येणार, वाशीहून जवळ पडेल" असं आमच्या वाशीच्या आत्याने विचारलं. तिथून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली हे खरं, पण प्रवासी जातात म्हणजे जिवंत प्राण्यांची सोय पण आहे असं धरून चालू नका, एअरलाइनच्या कार्गो विभागाला विचारा आणि ईमेलवर लेखी उत्तर घ्या. फोनवर "हो हो होऊन जाईल" याला काही किंमत नाही.

जर्मनी सोडून दुसरीकडे

इंग्लंड-स्कॉटलंडला जायचं तर रक्त आणि तीन महिने तसंच, शिवाय पोचायच्या आधी २४ ते १२० तासांच्या खिडकीत डॉक्टरांसमोर पट्टकृमीचं, म्हणजे आतड्यातल्या चपट्या जंताचं औषध, आणि कुत्रा विमानाने कार्गो म्हणूनच उतरू शकतो, तुमच्या बॅगेजमध्ये नाही. तिथे मात्र एजंट घ्या, त्या पैशाचं वाईट वाटून घेऊ नका. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वेलाही ते पट्टकृमीचं औषध लागतं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले, आपला देश त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे, इथे लस घेतलेला कुत्रा किमान सहा महिन्यांचा लागतो आणि ठराविक विमानतळांवरच, आधी बुकिंग केलेल्या केंद्रातून आत जातो. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट कुत्रा नेताच येत नाही, विषय संपला.

शिकारीचं काय

आता ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप ते. परदेशात शिकार कायदेशीर आहे म्हणजे काहीही चालतं असा अर्थ नाही. जर्मनीत बंदूक हातात धरायला तिथला परवाना लागतो, काकांकडे तो नाही, त्यामुळे काका फक्त बाजीबरोबर चालणार, नेम पुतण्या धरणार. कुत्र्याचं पण तसंच, तिथे शिकारीला वापरायच्या कुत्र्याची योग्यता-चाचणी असते, बाजीने ती दिलेली नाही, त्यामुळे तो बहुतेक बाजूला दोरीवर राहून वास घेणार. हे पुतण्याने आधीच तिथल्या लोकांना विचारून ठेवलेलं बरं.

आपल्याकडचे काही जण मुधोळ किंवा कारवान कुत्रे अभिमानाने पाळतात आणि त्यांना वाटतं की तिकडे नेला तर सगळ्यांची तोंडं बंद करेल. पळण्यात करेलही. पण हे कुत्रे नजरेने सावज धरतात आणि पाठलाग करून पकडतात, आणि नेमकी हीच पद्धत जर्मनीत बंद आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार बंद केली, स्कॉटलंडने २०२३ मध्ये आपला कायदा आणखी घट्ट केला. पक्ष्यांची शिकार, त्यात पॉइंटरने वास घेऊन गोठून उभं राहणं, गोळी लागलेला पक्षी उचलून आणणं, हे चालतं. म्हणजे कुत्रा कुठल्या कामाचा आहे यावर कायदा बदलतो.

दुसरं, आवाज. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुमचा कुत्रा पलंगाखाली जात असेल तर शॉटगनच्या आवाजाला तो काय करेल याचा विचार तुम्हीच करा. अनोळखी जंगलात घाबरून पळालेला कुत्रा, जिथली भाषा ना त्याला येते ना तुम्हाला. असा कुत्रा असेल तर त्याला इथे भावाकडे ठेवा आणि तुम्ही एकटे जा, आणि खरं तर पंधरा दिवसांच्या ट्रिपसाठी बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत माझं हेच मत आहे. बाजी फटाक्यांना ढिम्म असतो, म्हणून मी काकांना अडवलं नाही.

तिकडचे रोग पण वेगळे. रानडुकराच्या शिकारीत कुत्र्याला डुकराचं कच्चं मांस, आतडी, रक्त काही म्हणजे काही चाटू देऊ नका. रानडुकरांत औजेस्की नावाचा विषाणू असतो, डुकराला तो फारसा त्रास देत नाही पण कुत्र्याला झाला तर उपचार नाही, काही दिवसांत संपतो. बाजीसाठी म्हणूनच ठरलंय की डुकरांच्या शिकारीला जायचंच नाही, फक्त तितर-फेझंटसारख्या पक्ष्यांच्या शिकारीच्या दिवशी. कुत्र्याने रानातले उंदीर खाल्ले तर त्यातून कोल्ह्यांमधला पट्टकृमी येतो आणि तो माणसांना जास्त धोक्याचा, त्यामुळे परत यायच्या आधी त्याचं औषध नियमात नसलं तरी द्या. स्पेन, इटलीकडे गेलात तर वाळूमाशीतून लीशमानिया नावाचा रोग होतो, त्यासाठी माशी पळवणारा पट्टा गळ्यात घालतात. आणि गोचिडी, त्या तर आपल्या ओळखीच्याच, फक्त तिकडच्या वेगळा ताप देतात. रोज संध्याकाळी कान, काखा, बोटांमधल्या फटी हाताने चाचपून बघायच्या, पॉइंटरचे केस बारीक असतात त्यामुळे पटकन सापडतात.

परत येताना

जाताना सगळे जपून असतात, येताना ढिले पडतात. भारतात कुत्रा आणायला एक्यूसीएसची एनओसी आधी काढावी लागते, आपलाच, इथेच जन्मलेला कुत्रा असला तरी, आणि उतरताना त्यांचं केंद्र असलेल्या शहरातच उतरायचं, म्हणजे मुंबई ठीक, "पुण्याला स्वस्त मिळालं" असं करू नका. तिकडच्या डॉक्टरचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं. उतरल्यावर कुत्रा तपासतात, सगळं नीट असेल तर घरी सोडतात, नसेल तर क्वारंटाइन. ही एनओसी जायच्या आधीच अर्ज करून ठेवलेली बरी, कारण जर्मनीत बसून फॉर्म भरताना नेमकं जे कार्ड हवं असतं ते ठाण्याच्या कपाटात असतं. सगळ्या कागदांचे फोटो काढून फोनमध्ये आणि पुतण्याला पण पाठवून ठेवा.

शिकारीची आठवण म्हणून शिंगं, कातडं, पिसं, मांस यातलं काही बॅगेत टाकू नका. कस्टम्स आणि वन्यजीव कायदा दोन्हीकडून अडकाल, आणि जर्मनीत २०२० पासून रानडुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडतोय, माणसांना तो होत नाही पण तिकडचं सॉसेज इकडच्या डुकरांच्या गोठ्यापर्यंत पोचायला एक उरलेला तुकडा पुरतो. चिखल लागलेले बूट आणि कुत्र्याचा पट्टा तिथेच धुऊन, वाळवून मग बॅगेत.

आल्यावर एक तारीख मात्र फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, पुढच्या रेबीज बूस्टरची. बूस्टर वेळेत होत राहिले तर तो एकदा काढलेला रक्ताचा रिपोर्ट युरोपसाठी कुत्र्याच्या आयुष्यभर चालतो, पुढच्या वर्षी काकांना फक्त सर्टिफिकेट आणि तिकीट बघायचंय. बूस्टर एक दिवस जरी चुकला तरी लस नवी, रक्त नवं आणि तीन महिने नवे.